लहान क्लबांची बखर



खेळाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ढाली आणि चषक उभे राहतात. कोणत्या साली कोणी कोणास हरविले, अंतिम सामन्यात किती गोल झाले, एवढे सांगितले म्हणजे इतिहास सांगून झाला असे आपण मानतो. परंतु ज्यांनी कधी मोठा चषक जिंकला नाही, ज्यांचे नाव कोणत्याही मोठ्या लीगच्या तक्त्यात चढले नाही, असे संघ जिंकणाऱ्यांच्या कितीतरी पट असतात. खेळ जगतो तो त्यांच्यावर. आज मला फुटबॉलच्या अशा लहान क्लबांविषयी बोलावयाचे आहे. आणि बुलढाणा जिल्ह्यातील श्रोत्यांसमोर बोलावयाचे असल्यामुळे, हा खेळ आपल्या महाराष्ट्रात कोठे रुजला, कोठे रुजला नाही आणि का, हा प्रश्नही ओघानेच येणार आहे.

लीग हा शब्द मराठीत रुळला आहे, तरी त्याचा अर्थ थोडा उलगडून सांगतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरलेला संघ त्याच संध्याकाळी घरी जातो. लीगमध्ये तसे नसते. तेथे प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, हंगामभर खेळतो, आणि गुणांच्या बेरजेवरून क्रम लागतो. इंग्लंडात १८८५ साली खेळाडूंस उघडपणे पैसे देण्यास मान्यता मिळाली. एकदा पगार द्यावयाचे ठरले म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेला सामना व्हावा आणि तिकिटांचे उत्पन्न निश्चित यावे, ही निकड उत्पन्न होते. ती ओळखून बर्मिंगहॅमचे कापडाचे व्यापारी विल्यम मॅकग्रेगर यांनी पुढाकार घेतला आणि १८८८ साली बारा क्लबांची लीग उभी राहिली. लीग हा खेळापेक्षा हिशेबाचा शोध आहे असे कोणी म्हटले, तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

त्या बारा क्लबांच्या बाहेर जे राहिले ते लीगबाहेरचे. त्यांत कित्येक क्लब लीगपेक्षा वयाने वडील होते. शेफील्ड फुटबॉल क्लब १८५७ साली स्थापन झाला. आज अस्तित्वात असलेल्या फुटबॉल क्लबांत तो सर्वांत जुना मानला जातो. नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघा क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात अंगाला व्यायाम हवा म्हणून तो काढला. खेळावयास दुसरा क्लबच नव्हता! तेव्हा सभासद आपसांतच तट पाडीत: एकदा विवाहितांविरुद्ध अविवाहित, असे. पुढे १८६० साली शेजारच्या हॅलम गावात दुसरा क्लब निघाला, तेव्हा कोठे त्यांस प्रतिस्पर्धी मिळाला. हा वडीलधारा क्लब आजही इंग्लंडच्या मोठ्या लीगबाहेरच खेळतो. त्याच्या कथेकडे मी शेवटी पुन्हा वळणार आहे.

हिंदुस्थानात फुटबॉल आला तो पलटणींबरोबर. सिमल्याचा ड्युरंड चषक १८८८ सालचा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ सालचा. आणि रोव्हर्सच्या पहिल्या विजेत्या संघाचे नाव वूस्टरशायर रेजिमेंट असे होते. पहिली कित्येक वर्षे विजेत्यांच्या यादीवर नजर फिरविली, तर ती फुटबॉलची यादी की सैन्याच्या हालचालींची, असा भ्रम व्हावा. रोव्हर्स चषक पहिल्यांदा एका हिंदी संघाच्या हाती गेला तो १९३७ साली, बंगळूरच्या मुस्लिम संघामुळे. म्हणजे मधे शेहेचाळीस वर्षे गेली.

आपल्या लोकांनी क्लब काढावयास आरंभ केला तो बंगालमध्ये, आणि तेथे पहिला पेच पडला तो सभासदत्वाचा. कलकत्त्याचे नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांचा वेलिंग्टन नावाचा क्लब होता. त्यात मणी दास नावाच्या एका कुंभाराच्या मुलास घ्यावयाचे ठरले, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांनी आक्षेप घेतला. सर्वाधिकारींनी मुलास नकार देण्याऐवजी क्लबच मोडून टाकला, आणि पुढे १८८७ साली शोभाबाजार क्लब काढला. याच शोभाबाजार क्लबाने १८९२ साली ट्रेड्स चषकाच्या सामन्यात ईस्ट सरे रेजिमेंटला हरविले. १९११ साली मोहन बागानने अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटवर २–१ असा विजय मिळवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, ती कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मला मात्र त्या ढालीपेक्षा मोडलेला वेलिंग्टन क्लब अधिक महत्त्वाचा वाटतो. क्लब म्हणजे काय, हा प्रश्न तेथे सरळ विचारला गेला. क्लबाचे दार कोणास उघडे आणि कोणास बंद, यावर त्याचे आयुष्य ठरते. आणि लहान क्लबांचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी या दाराचा इतिहास होय.

आता आपल्या मुलखाकडे येऊ.

ज्या ठिकाणी हा खेळ मूळ धरतो, तेथे बहुधा तीनांपैकी एक गोष्ट असते: छावणी, बंदर किंवा मोठा कारखाना. बुलढाणा जिल्ह्यात यांपैकी एकही नव्हते. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला. तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या गावांवरून, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातून गेला. १८७० साली जलंबहून खामगावास फाटा आला तो कापसासाठी. खुद्द बुलढाणा शहर घाटावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर. तेथे रेल्वे कधी चढलीच नाही. ज्या काळी एका गावचा संघ दुसऱ्या गावी जावयाचा म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून जावयाचा, त्या काळी जिल्ह्याचे मुख्य ठिकाणच रेल्वेपासून दूर असणे ही लहान अडचण नव्हे.

कारखाने होते, परंतु ते कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. मजूर हंगामापुरते येतात आणि हंगाम सरला की शेतावर परततात. मुंबईच्या गिरणीत किंवा रेल्वेच्या कर्मशाळेत माणूस बारा महिने एका जागी असतो. त्याचा संघ बांधता येतो. चार महिन्यांच्या मजुराचा संघ बांधणार कसा?

आणि मातीचे काय! मुंबईत व कलकत्त्यात फुटबॉल हा पावसाळी खेळ. पाऊस पडला की मैदान मऊ होते, पडले तरी लागत नाही, आणि खेळास रंग चढतो. आपल्या घाटाखालच्या काळ्या मातीत आषाढात पाऊल टाकून पाहावे! चेंडू तर राहोच, खेळाडूचा पायच वर निघावयाचा नाही. तीच जमीन वैशाखात हातभर भेगाळते. तेव्हा फुटबॉल खेळावयाचा तर मुरूम टाकून दाबलेले मैदान हवे, आणि असे मैदान तालुक्याच्या गावी असावयाचे ते शाळेचे किंवा पोलिसांचे. घाटावर मुरूम व खडक पुष्कळ, परंतु सपाट जागेची वानवा. आमच्या वऱ्हाडात कापूस पिकविणाऱ्या मातीनेच चेंडूला अटकाव केला, असे मी थोड्या थट्टेने म्हणतो. पण त्यात तथ्य आहे.

चेंडूचीही कथा ऐकण्याजोगी आहे. तो चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, तोंडाशी वादी ओवलेली. फाळणीपूर्वी हिंदुस्थानात खेळाच्या सामानाचे मोठे ठिकाण म्हणजे सियालकोट. १९४७ साली सियालकोट पाकिस्तानात गेले, आणि तेथील अनेक कारागीर जालंदर व मेरठ येथे येऊन वसले. म्हणून पुढे आपल्या शाळांतील चेंडूंवर जालंदरचे शिक्के दिसू लागले. हा चेंडू ओला झाला की दगडासारखा जड होई, आणि डोक्याने मारताना वादीचा बंद कपाळाला लागे. शिवण उसवली की मोच्याकडे न्यावयाचा, ब्लॅडर फुटला की सायकलच्या दुकानात ठिगळ लावावयाचे. शाळेत एकच चेंडू असे आणि तो व्यायामशिक्षकांच्या कपाटात कुलूपबंद असे. ज्याच्या हाती कपाटाची किल्ली, त्याच्या हाती खेळ. हुतुतूला मात्र किल्ली लागत नाही. जमिनीवर पायाने रेघ ओढली की मैदान तयार.

म्हणून आपल्याकडे फुटबॉलचा जो संघ निर्माण होई, तो मुख्यत्वे हायस्कुलाचा. शाळेचा संघ हा क्लब नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. चांगला खेळणारा मुलगा मॅट्रिक होतो आणि अमरावतीस, नागपुरास किंवा पुण्यास कॉलेजात जातो. जो नापास होतो तो दुकानावर किंवा शेतावर बसतो. दर जूनमध्ये संघ मोडतो आणि दर जुलैमध्ये नवा उभा राहतो. शाळेपाशी मैदान असते, चेंडू असतो, शिक्षक असतो. नसते ती एकच गोष्ट, काल खेळलेल्या माणसाची उद्याही तेथे यावयाची सोय. क्लबाला वृद्ध माणसे लागतात. सामना पाहावयास रेषेवर उभे राहून शिव्या देणारे, चेंडूस वर्गणी देणारे, पंचाशी भांडणारे पन्नाशीचे गृहस्थ ज्या संघाला नाहीत, तो संघ कितीही चांगला खेळला तरी त्याचे आयुष्य पाच वर्षांचे.

सरकारी ग्रंथांतही या गोष्टीला जागा नव्हती. बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर १९१० साली नेल्सन यांनी संपादिले. जमिनीचा महसूल, दुष्काळ, भावबाजार, मजुरीचे दर, गावोगावची माहिती, सारे त्यात आहे. त्या मालिकेच्या ठरीव प्रकरणांत खेळ असे प्रकरणच नाही. कर बसत नाही ती गोष्ट मोजावी कशाला?

विदर्भात छावणीचा परिणाम पाहावयाचा असेल तर कामठीस जावे लागते. नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी १८२१ साली ही छावणी वसली. गोऱ्या पलटणी आल्या, गेल्या. बाजार राहिला, आणि उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती तेथे वाढली. गोरे सोजीर ज्या खेळासाठी मैदान आखीत, तो खेळ पुढे या विणकरांच्या मुलांनी आपलासा केला. कामठीचा रब्बानी क्लब हे नाव नागपूरच्या फुटबॉलात आजही दबदब्याने घेतले जाते. मला यातले एक मर्म असे दिसते की, हातमागावर बसणारा माणूस आपल्या वेळेचा धनी असतो. कचेरीची घंटा त्याला नाही, गिरणीचा भोंगा नाही. दिवस कलताना माग थांबवून तो मैदानावर जाऊ शकतो. शिवाय माग घरात, घर मोहल्ल्यात, आणि संघ मोहल्ल्याचा. खेळणारे आणि पाहणारे एकाच गल्लीतले. पलटण निघून गेल्यावर छावणीचा खेळ बंद पडावा, असा नियम नाही. त्याला कोणी वारस मिळाला तर तो टिकतो. १९३४ पासून १९३८ पर्यंत कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने लागोपाठ पाच वर्षे तेथील लीग जिंकली, तेव्हा देशभरच्या मुसलमान मोहल्ल्यांत फुटबॉलला केवढे भरते आले असेल, याची कल्पना करता येते.

परंतु लहान क्लबांचे खरे माहेर पाहावयाचे तर ते कोल्हापूर.

कोल्हापूरला बंदर नाही, मोठी छावणी नाही, मुंबईसारख्या गिरण्या नाहीत. कुस्ती मात्र आहे. शाहू महाराजांनी मल्लविद्येस जो आश्रय दिला, त्याची साक्ष १९१२ साली खुले झालेले खासबागेचे कुस्तीमैदान आजही देते. पेठेपेठेत तालीम, तालमीत लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीशी जोडी व करेल, आणि सकाळ-संध्याकाळ जोर-बैठका काढणारे पठ्ठे. तालीम म्हणजे केवळ व्यायामाची खोली नव्हे. पेठेतले भांडण तेथे मिटते, गणपती तेथे बसतो, कोणाच्या घरी मयत झाली तर पहिली चार माणसे तेथून निघतात. महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांचे काही शिक्षण इंग्लंडात झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत इंग्रजी मैदानी खेळांना दरबारी उत्तेजन मिळाले. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, आणि त्याच वर्षी महाराजांचे निधन झाले.

दरबाराने खेळ आणला हे खरे. पण दरबाराच्या उत्तेजनाने आलेल्या किती गोष्टी दरबाराबरोबर गेल्या! फुटबॉल राहिला, कारण तालमींनी त्याला घरात घेतले. संघांची नावेच ऐका: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, जुना बुधवार तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. इंग्रजी क्लबांच्या धर्तीवर नाव घेतलेला असा ठळक एकच, प्रॅक्टिस क्लब. आणि तेही नाव किती साधे! युनायटेड नाही, वाँडरर्स नाही. ज्या संघाच्या नावात वाघाची तालीम आहे, तो संघ कोणाचा, हा प्रश्न विचारावा लागत नाही. तालमीला आधीच जागा होती, वस्ताद होता, वर्गणीची वहिवाट होती, आणि रेषेवर उभी राहणारी म्हातारी माणसे तर पिढ्यान्‌पिढ्यांची होती. शाळेच्या संघाला जे कधी मिळत नाही, ते तालमीच्या संघाला जन्मतःच मिळाले. फुटबॉलने तेथे नवे घर बांधले नाही. तो तयार घरात राहावयास आला.

मैदानही कसे, तर शिवाजी पेठेतील वरुणतीर्थ नावाचे तळे पुढे बुजले आणि त्याच जागी आजचे गांधी मैदान झाले. पुढे शाहू स्टेडियम उभे राहिले. लीगचे सामने तेथे होतात. हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यात जातो. मुंबईप्रमाणे पावसाळा नव्हे. लीग आटोपली की तालमी व मंडळे यांच्या स्वतःच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा लागतात, आणि माझ्या मते पेठेचा जीव लीगपेक्षा त्यांतच अधिक गुंतलेला असतो. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा सामना असला की दुकानदाराचे लक्ष गिऱ्हाइकाकडे नसते.

या चित्राला काळी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. पेठेचा अभिमान आवरला नाही म्हणजे मैदानात बाटल्या आणि बाहेर दगड पडतात. पोलिसांस धावावे लागते, सामने मध्येच थांबतात. जे दार पेठेतल्या प्रत्येकाला उघडे, तेच शेजारच्या पेठेला बंद. गेल्या काही वर्षांत चुरस इतकी वाढली की काही संघांनी पैसे मोजून परदेशी खेळाडू, विशेषतः आफ्रिकेतून आलेले, आणावयास आरंभ केला, आणि असे खेळाडू किती घ्यावेत यावर असोसिएशनला मर्यादा घालाव्या लागल्या. तालमीच्या झेंड्याखाली नायजेरियाचा तरुण गोल करतो आणि पेठ त्याला खांद्यावर घेते, हे दृश्य एका परीने मोठे सुंदर आहे. परंतु त्याच गल्लीतला अठरा वर्षांचा मुलगा त्या वेळी बाकावर बसून असतो. १८८५ साली इंग्लंडला जो प्रश्न पडला, तोच येथे सव्वाशे वर्षांनी दारात उभा राहिला.

या पेठांतून बाहेर पडून मोठ्या मैदानावर गेलेल्यांपैकी एक नाव सांगतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. यजमान म्हणून आपल्या संघाला तीत स्थान मिळाले. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिली वेळ. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचे पुढील शिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले. तालमीच्या मैदानावरून निघालेल्या मुलाला पुढची पायरी पुण्यात शोधावी लागते, एवढे त्यावरून लक्षात घ्यावे.

आता कोणी विचारील की, तालीम काय एकट्या कोल्हापुरात होती? वऱ्हाडात आखाडे नव्हते काय? होते, आणि मोठ्या दिमाखाने होते. अमरावतीस अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. परंतु वऱ्हाडातल्या या आखाड्याने वेगळी वाट धरली. तो काळ राष्ट्रीय शिक्षणाचा. परक्यांचा चेंडू कशाला, आपली हुतुतू, खोखो, आट्यापाट्या, मल्लखांब, लेझीम ही काय कमी आहेत, अशी भावना प्रबळ होती. मंडळाने १९२४ पासून उन्हाळी वर्ग भरवून व्यायामशिक्षक तयार करावयास आरंभ केला, आणि ते शिक्षक शाळाशाळांत गेले. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० साली वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले होते. तेथे इंग्रजी मैदानी खेळांचा भर, तर अमरावतीस देशी खेळांचा.

याचे फळ काय मिळाले ते पाहा. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या मंडळाचे पथक तेथे गेले आणि त्याने हुतुतू व इतर देशी व्यायामप्रकार जगाला करून दाखविले. हिंदुस्थानचा फुटबॉल संघ त्या ऑलिंपिकला नव्हता. तो ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरला तो १९४८ साली, लंडनला. आणि फ्रान्सविरुद्ध २–१ असा हरलेला तो सामना झाला वेंब्लीच्या भव्य मैदानावर नव्हे, तर इलफर्ड नावाच्या उपनगरातील एका लहानशा मैदानावर. म्हणजे वऱ्हाडचा आखाडा देशाच्या फुटबॉलपेक्षा बारा वर्षे आधी ऑलिंपिकच्या गावी पोचला होता! पुढे १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही मंडळाचे पथक गेले.

तेव्हा बुलढाण्याच्या गावोगावी जो खेळ आज दिव्यांच्या उजेडात, चुन्याच्या रेघा आखून, पंचक्रोशीतल्या लोकांना जमवून खेळला जातो, तो कबड्डी आहे, फुटबॉल नव्हे, यात नवल नाही. कोल्हापूरच्या तालमीने चेंडूला दार उघडले; अमरावतीच्या आखाड्याने दारावर विचारपूस केली आणि त्याला बाहेर उभे केले. दोघांचेही आपल्या परीने बरोबर होते असे मला वाटते. पण या एका निर्णयाचा परिणाम असा झाला की, आमच्याकडे फुटबॉलला घर म्हणून केवळ शाळाच उरली, आणि शाळा हे घर नव्हे, धर्मशाळा आहे.

राजकीय सीमांनीही थोडा घोळ घातला. वऱ्हाड निजामाचा, कारभार इंग्रजांचा. १९०३ साली तो मध्यप्रांतास जोडला. १९५६ साली मुंबई राज्यात आला, आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. क्रिकेटमध्ये विदर्भाचा स्वतंत्र संघ राहिला आणि त्याने २०१८ च्या जानेवारीत प्रथम रणजी करंडक जिंकून सर्वांस चकित केले. फुटबॉलमध्ये मात्र विदर्भाचे जिल्हे मुंबईच्या १९११ सालच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली आले. क्रिकेटचा होतकरू मुलगा नागपुराकडे पाहतो, फुटबॉलचा मुंबईकडे. आणि मलकापूरहून मुंबई नागपूरपेक्षा बरीच लांब आहे.

लहान क्लबांची कागदपत्रे कोणती, असे मला विचारले तर मी सांगेन: चेंडूची पावती, वर्गणीची यादी, मोच्याला दिलेल्या पैशांची नोंद, आणि ज्यात अकरा मुले हाताची घडी घालून बसली आहेत असा एक फोटो, ज्याच्या मागे नावे लिहिलेली असतील तर भाग्य. आमच्या घरांत असे फोटो दिवाळीच्या साफसफाईत रद्दीबरोबर जातात. त्यांचे मोल काय, याचे उत्तर त्या वडीलधाऱ्या शेफील्ड क्लबाने देऊन ठेविले आहे. १८५८ साली त्याच्या सभासदांनी खेळाचे नियम हाताने लिहून काढले होते. ती वही आणि सभांची इतिवृत्ते क्लबाने दीडशे वर्षे जपली. आणि २०११ सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या सदबीज या लिलावघरात ती विकावयास काढली. किंमत आली ८ लाख ८१ हजार २५० पौंड. विकावयाचे कारण मोठे साधे होते. जगातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबाला मैदानासाठी पैसे हवे होते. २००१ सालापासून तो शेफील्डमध्येही खेळत नव्हता; शहराबाहेर, शेजारच्या डर्बीशायर परगण्यातील ड्रॉनफील्ड गावी, एका खानावळीमागच्या मैदानावर त्याचे सामने होत होते.